कॉलेजच्या गच्चीवरची बाग: मे महिन्यापासून उलटं मोजत

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात शहरातल्या कुठल्याही जुन्या कॉलेजच्या गच्चीवर जाऊन पाहा. टाकीच्या आडोशाला दहा-बारा कुंड्या एकात एक घालून ठेवलेल्या असतात. एखाद्या कुंडीत वाळून काडी झालेलं झाड असतं आणि त्याच्या गळ्यात लॅमिनेट केलेली पाटी: मराठी नाव, शास्त्रीय नाव, कुळ. ही मागच्या वेळी नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, समिती आली तेव्हाची बाग. ती जानेवारीत आली, कौतुक करून गेली. मार्चमध्ये परीक्षा, एप्रिलअखेर सुट्टी, आणि मग पाणी घालायला कोणीच नाही.

मी पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकवतो. आमच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर अशा दोन बागा आम्ही रीतसर वाळवल्या आणि तिसरी जगवली. घरच्या गच्चीवर बारा महिने माणसं असतात, कॉलेजच्या गच्चीवर नसतात. सगळी मेख इथे आहे. म्हणून इथे बागेची आखणी जूनपासून पुढे करायची नाही, मेपासून मागे करायची. मे महिन्यात एक माणूस दिवसातून पंधरा मिनिटं देईल, तेवढ्यात काय जगेल? त्या उत्तराएवढीच बाग करायची. आमची आज साधारण ६० चौरस मीटर वाफ्यांची आहे. गच्ची त्याच्या चौपट आहे, पण मोह आवरलाय.

आधी किल्ली, मग कुदळ

अर्ज प्राचार्यांच्या नावे जातो, पण गच्ची खरी असते ती देखभाल विभागाची आणि किल्ली सुरक्षारक्षकाच्या कपाटात. तिघांशीही स्वतंत्र बोला. गच्ची बंद ठेवण्यामागे त्यांची भीती रास्त असते, मुलं वर जातात आणि काही बरंवाईट झालं तर? म्हणून अर्जातच लिहून द्या: गच्ची कोणत्या वेळेत उघडी राहील, कोणाच्या देखरेखीखाली, एका वेळी किती जण वर असतील. कठडा छातीपर्यंत नसेल तर आधी रेलिंग वाढवून घ्या आणि कठड्याला लागून चढता येईल असं काहीही, वीट, क्रेट, स्टूल, ठेवायचं नाही हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. कठड्याच्या माथ्यावर कुंडी तर कधीच नाही. वाऱ्याने खाली गेलेली एक कुंडी बाग कायमची बंद करायला पुरेशी असते.

जिन्याचं दार, पाण्याच्या टाक्यांची झाकणं, वीजरोधक तार, सौर पॅनेल आणि पावसाळी पाइपांची तोंडं यांच्याकडे जायचा रस्ता मोकळा सोडा, किमान मीटरभर रुंद. प्लंबर टाकी धुवायला येतो तेव्हा त्याला भोपळ्याच्या मांडवाखालून रांगावं लागलं, तर तो मांडव कोणत्या दिवशी तुटला हे तुम्हाला कळणारही नाही.

किल्ल्या दोन करून घ्या. एक रक्षकांच्या चौकीवर, दुसरी प्रयोगशाळेतल्या मामांकडे. आमची पहिली बाग खरं तर किल्लीनेच मारली. रविवारी चौकीवर नवा माणूस असायचा, त्याला गच्चीबद्दल काही ठाऊक नसायचं आणि मुलं पाण्याच्या बादल्या घेऊन जिन्यातून परत जायची.

स्लॅब किती पेलेल?

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण इथे अंदाजपंचे दाहोदरसे चालत नाही. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात, माणसांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन म्हणजे सुमारे १५० किलो इतका भार धरलेला आहे. ये-जा नसलेल्या छतासाठी त्याच्या निम्मा. तुमची इमारत यातल्या कोणत्या हिशोबाने बांधली आहे हे जुन्या नकाशांवरून आणि संरचना अभियंत्याच्या पाहणीवरूनच कळेल. आणि हे १५० किलो फक्त बागेसाठी नाहीत. त्यातच वीस मुलांचा प्रात्यक्षिकाचा गट आहे, सामान आहे, तुंबलेलं पावसाचं पाणीही आहे.

आता मातीचा हिशोब मांडू. भिजलेल्या बागेच्या मातीचं एक घनमीटर म्हणजे १६०० ते २००० किलो. १५ सेंटीमीटर जाडीचा थर गच्चीभर पसरला तर चौरस मीटरला अडीचशे-तीनशे किलो झाले. संपलं. शेतातली माती ट्रॉलीने आणून गच्चीवर पसरायची कल्पना इथेच सोडून द्यायची. पालापाचोळ्याचं खत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांचं मिश्रण भिजल्यावरही साधारण याच्या निम्म्यात बसतं. तेच पिशवीत पाहा. बारा इंच व्यास, बारा इंच उंचीच्या वाढपिशवीत (ग्रो बॅग) २१ लीटर माल मावतो. तो हलका असेल तर पिशवी १७ किलोच्या आसपास, निव्वळ माती भरली तर ३५ किलोच्या पुढे. चौरस मीटरला चार पिशव्या धरा आणि दोन्ही आकडे स्वतः गुणून बघा.

निळा प्लास्टिकचा पिंप आडवा कापून केलेली अर्धी कुंडी सगळ्यांना आवडते, कारण त्यात लिंबू, शेवगा, कढीपत्ता बसतो. पण शंभर लीटरचा भरलेला अर्धा पिंप म्हणजे पाव चौरस मीटर जागेवर ऐंशीच्या वर किलो. असे पिंप फक्त खांबांच्या माथ्यावर किंवा बीमच्या रेषेत. खांब कुठे आहेत ते गच्चीवरून दिसत नाही. खालच्या मजल्यावरच्या वर्गात मोजमाप घ्या आणि गच्चीवर खडूने फुल्या मारा. आमच्या मुलांना हे काम सगळ्यात आवडलं, वर्गातल्या खिडकीपासून खांब किती फुटांवर आहे ते फोनवर ओरडून वरच्याला सांगायचं.

अभियंत्याचं लेखी पत्र घ्या. त्यात कुठे, किती, काय ठेवता येईल हे नकाशासह असावं. जुनी इमारत असेल, स्लॅबच्या तळाची खपली पडून सळई दिसत असेल, तर बाग खाली जमिनीवर करा. तिथे हट्ट नको.

थायलंडमधल्या थम्मासात विद्यापीठाच्या रांगसित परिसरात २०१९ साली पूर्ण झालेली २२,००० चौरस मीटरची गच्चीवरची शेती तुम्ही फोटोंत पाहिली असेल. भातखाचरांसारखे उतरत जाणारे वाफे, पावसाचं पाणी एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर येत खालच्या तळ्यात साठतं. कोचाकोर्न वोराखोम या भूदृश्य रचनाकार बाईंचं ते काम. संस्थाचालक हा फोटो दाखवून "आपणही असंच करू" म्हणतात. त्यांना सांगायचं, की ती इमारतच मुळात शेतीसकट आखली गेली. आपला स्लॅब १९७०च्या दशकातला आहे, त्याच्यावर कोणी पालक लावेल हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

गळतीचा आळ येण्याआधी

बाग केली की पहिल्या पावसात खालून निरोप येतो, "तुमच्या झाडांमुळे छत गळतंय." निरोप येणारच आहे, तुम्ही फक्त तयारीत असा.

आमच्याकडे तो भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून आला. छतावर पिवळट ओल, साधारण ताटाएवढी. नशिबाने बाग सुरू करण्याआधी एप्रिलमध्येच आम्ही वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक खोलीच्या छताचे फोटो काढून ठेवले होते. फोटोत ती ओल होती, फक्त वाटीएवढी. मग स्टुलावर चढून ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारली, शेजारी तारीख लिहिली. आठवड्याने पुन्हा रेघ, पुन्हा तारीख. ओल वाढत होती ती पाऊस पडेल तेव्हा; आम्ही पाणी घालू तेव्हा नाही. शेवटी सापडलं ते असं, की पावसाळी पाइप स्लॅबमधून उतरतो तिथला सांधा सुटला होता. बाग वाचली. त्या पेन्सिलीच्या रेघा अजून आहेत, रंगकाम झालेलं नाही.

तर क्रम असा. छतांचे फोटो, तारखेसह. मग गच्चीच्या पाइपांची तोंडं बंद करून दोनेक इंच पाणी तुंबवून २४ ते ४८ तास ठेवायचं आणि खाली ओल येते का पाहायचं. दोन इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला ५० किलो. ही चाचणीही अभियंत्याला विचारूनच करा. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गच्च्यांवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, असतो आणि वर चायना मोझॅक. फरशीच्या तुकड्यांमधल्या सांध्यांचा सिमेंट गेलेला असतो. कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथे मिस्त्री गोलाई देऊन जो वाटा मारतात, त्याला हमखास तडा असतो. दोन्हींची दुरुस्ती उन्हाळ्यात, वाफे यायच्या आधी. नंतर प्रत्येक क्रेट हलवावा लागतो.

वाफे थेट फरशीवर टेकवू नका. विटा आडव्या ठेवून त्यावर, निदान तीन इंच उचलून. खालून झाडू फिरला पाहिजे आणि पाणी वाहिलं पाहिजे. गच्चीचा उतार कुठे जातो ते बादलीभर पाणी ओतून बघा आणि वाफ्यांच्या रांगा त्या दिशेने लावा, आडव्या नाही. पाइपाच्या प्रत्येक तोंडावर जाळी बसवा. पावसाळ्यात जाळी साफ करायचा वार ठरवून टाका; आमचा शनिवार आहे. पिंपळाचं रोप दिसलं की त्याच दिवशी उपटायचं, श्रद्धा आड येत असेल तर खाली जमिनीत नेऊन लावायचं.

ऊन आणि वारा मोजून घ्या

एक दिवस सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता गच्चीच्या सावल्या खडूने आखा. पण एकाच ऋतूत आखून फसू नका. पुण्याचा अक्षांश साडेअठराच्या आसपास. डिसेंबरअखेरीस दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून अंदाजे ४८ अंशांवर असतो, म्हणजे तीन मीटर उंच टाकीची सावली उत्तरेला पावणेतीन मीटर पडते. मेच्या मध्यावर तीच सावली टाकीच्या पायाशी गोळा होते आणि जूनमध्ये सूर्य थोडा उत्तरेला सरकतो. म्हणून टाकीच्या उत्तरेची पट्टी पालेभाज्यांना. हिवाळ्यात त्यांना तिथे कमी ऊन चालतं. उन्हाळ्यात मात्र तिथे टाकीचा उपयोग नाही, शेडनेटच लागेल.

पन्नास टक्के सावलीचं हिरवं शेडनेट मार्च ते जूनचा पहिला आठवडा, आणि पुन्हा ऑक्टोबर हीटमध्ये. पाऊस सुरू झाला की काढायचं. वळवाच्या वाऱ्यात ते शिडासारखं फुगतं आणि बांबू उखडतं. आमचं एकदा शेजारच्या इमारतीच्या अँटेनावर जाऊन बसलं. मांडव जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा असेल तर तो स्लॅबला भोक पाडून रोवायचा नाही, पाय सिमेंटच्या ठोकळ्यांत बसवायचे, आणि ठोकळ्यांचं वजन हिशोबात धरायचं.

कशात लावायचं

तीन गोष्टी पुरतात. भाजी मंडईत मिळणारे जुने प्लास्टिकचे क्रेट, साठ बाय चाळीस सेंटीमीटरचे. आतून शेडनेटचा तुकडा लावला की माल गळत नाही आणि निचरा उत्तम. यांत पालेभाज्या, मुळा, कांद्याची पात, हळद. दुसरं, एचडीपीई या जाड प्लास्टिकच्या वाढपिशव्या, टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडीसाठी. तिसरं, खांबांवरचे अर्धे पिंप. रंगाचे डबे, टायर, बाटल्यांच्या उभ्या भिंती, हे फोटोपुरतं ठीक. टायर उन्हात तापतात, बाटलीत मूठभर माती असते आणि मेमध्ये ती दोन तासांत कोरडी ठाक होते.

गच्चीभर थर देऊन हिरवळ करायची पद्धत वेगळी आहे: जलरोधक थर, मुळं अडवणारा थर, निचऱ्याची प्लास्टिकची जाळी (ड्रेन सेल), माती अडवणारं कापड (जिओटेक्स्टाइल), मग हलकं मातीमिश्रण. नव्या इमारतीत जरूर करा, पण ठेकेदाराकडून आणि अभियंत्याच्या सहीने. जुन्या कॉलेजला सुटे वाफे बरे. उद्या गळती शोधायची वेळ आली तर उचलता येतात.

माती विकत आणू नका, झाडून काढा

कॉलेजच्या आवारात रोज सकाळी मावशी जो पाला झाडतात तोच तुमचा खजिना. पूर्वी तो एका कोपऱ्यात पेटवून दिला जायचा. आता तो जाळीच्या गोल पिंजऱ्यात, खाली जमिनीवर, साठवा. गुलमोहर, सोनमोहर, शिरीष यांची बारीक पर्णिका लवकर कुजते. आंबा, फणस, वड यांची जाड पानं वर्ष घेतात, ती आधी तुडवून बारीक करा. निलगिरी आणि सुरू यांचा पाला वेगळा काढा, तो फक्त वर आच्छादनाला.

कुजायला नत्र लागतं. ते कॅंटीनमधून येतं: भाज्यांची देठं, साली, आणि चहाचा चोथा. शिजवलेलं अन्न घेऊ नका, उंदीर-घुशी येतात. वीतभर पाला, त्यावर चार बोटं ओला कचरा, त्यावर शेणाचं पाणी, पुन्हा पाला. थर दाबायचा नाही. हाताने मूठ आवळली तर एखाददुसरा थेंब यावा इतकी ओल. ढीग नीट लागला तर चार-पाच दिवसांत आतून इतका तापतो की हात ठेववत नाही. थंड पडला की पलटायचा. एके दिवशी पिंजऱ्यातून राखाडी, चपट्या, वळवळणाऱ्या अळ्यांचा लोंढा निघेल आणि कार्यालयातून फोन येईल. त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या. त्या ओला कचरा फस्त करतात, त्यांची माशी अन्नावर घोंगावत नाही. त्या आल्या याचा अर्थ ओलं जास्त झालंय. कोरडा पाला टाका, कमी होतील.

महाराष्ट्रात हा विचार नवा नाही. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर आणि त्यांचा प्रयोग परिवार, म्हणजे स्वतः प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांचा गट, यांनी पालापाचोळा, ऊन आणि थोडं पाणी यांच्या हिशोबावर शेती कशी उभी राहते हे दाखवून दिलं, आणि मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यातून बाग फुलवली. त्या परंपरेतलं अमृतजल आम्ही वापरतो: दहा लीटर पाणी, एक किलो ताजं शेण, एक लीटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम काळा गूळ. तीन दिवस दिवसातून तीनदा ढवळायचं, चौथ्या दिवशी दहापट पाणी घालून शिंपडायचं. वास येतो. परीक्षा विभागाच्या खिडकीखाली बादली ठेवू नका, हे अनुभवाचे बोल.

भरण्याचं प्रमाण, आकारमानाने: दोन भाग पूर्ण कुजलेलं पाल्याचं खत, एक भाग कोकोपीट, एक भाग चाळलेली माती, आणि क्रेटमागे मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजवली की सत्तरेक लीटर होते. ती दोन-तीन पाण्यांत धुवा, तिच्यात मीठ असतं आणि कोवळी रोपं कडेने करपतात. क्रेटच्या तळाला नारळाच्या शेंड्या किंवा रसवंतीतली उसाची चिपाडं टाका. चिपाडं फुकट मिळतात, वजनाला हलकी आणि पाणी धरून ठेवतात. एकच खोट. पहिल्या पावसाळ्यात माल कुजून चांगला तिसरा हिस्सा खाली बसतो. मुलं घाबरतात. वरून खत घालून भरत राहायचं. आणि पाला अर्धकच्चा असताना पेरणी केली तर रोपं पिवळी पडतात, कारण कुजवणारे जिवाणू नत्र स्वतःच खातात. म्हणून भरणं आणि पेरणं यांत किमान महिना जाऊ द्या.

पाणी

मेमध्ये वाफ्याच्या दर चौरस मीटरला दिवसाला तीन ते पाच लीटर धरा. आमच्या साठ चौरस मीटरला चार लीटरने २४० लीटर. बादलीने घातलं तर चोवीस खेपा. सुट्टीत या चोवीस खेपा कोणीही घालणार नाही, त्यामुळे ठिबक ही चैन नाही.

इथे एक घोळ सगळे करतात. दुकानदार चांगलं म्हणून दाब नियंत्रित ड्रीपर (थेंब सोडणारं तोंड) देतो. गच्चीवरच्या टाकीचा दाब फार कमी. दर मीटर उंचीला ०.१ बार, म्हणजे टाकीचं पाणी वाफ्यापेक्षा दोन मीटर वर असेल तर ०.२ बार. एवढ्यावर तो ड्रीपर नीट चालतच नाही. साधी मायक्रोट्यूब, म्हणजे बारीक नळी, घ्या, किंवा दाब नियंत्रण नसलेले, उघडून धुता येणारे ड्रीपर. टायमरचंही तसंच. सोलेनॉइडवाल्याला (विजेच्या चुंबकाने उघडणाऱ्या झडपेच्या) दाब लागतो. बॉल व्हॉल्व्हचा, शून्य दाबावर चालणारा मागा. बॅटरी एप्रिलमध्ये बदला, सुट्टी लागायच्या आधी. टाकीच्या तोंडाशी जाळीचा फिल्टर आणि बोअरचं जड पाणी असेल तर नळ्यांची तोंडं दर महिन्याला टोचून साफ.

प्रयोगशाळांतल्या एसींचं टपकणारं पाणी कॅनमध्ये धरा, त्यात क्षार जवळपास नसतात. रोपवाटिकेला छान. आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी मात्र थेट घालू नका. त्यात मूळ पाण्यातले सगळे क्षार एकवटलेले असतात. आधी टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजा. रसायनशास्त्राच्या मोरीतलं पाणी तर नकोच, हे सांगायला लागू नये, पण एका उत्साही विद्यार्थ्याने ते विचारलं होतं.

कुंड्यांखाली थाळ्या ठेवू नका. डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेचा माणूस गच्चीवर येतोच.

कॅलेंडर: अभ्यासक्रम आणि हंगाम एका कागदावर

भिंतीवर मोठा कागद लावा. वरच्या ओळीत कॉलेजचं वर्ष: प्रवेश, सत्र, परीक्षा, दिवाळी, सुट्टी. खालच्या ओळीत पिकं. जिथे परीक्षा आणि काढणी एकाच आठवड्यात येते ते पीक बदला. आमच्या पहिल्या वर्षीचा टोमॅटो बरोबर सत्र परीक्षेत पिकला आणि अर्धा कबुतरांनी, अर्धा खालच्या वसतिगृहाने खाल्ला.

हळद आणि आलं मेअखेर लावायचं, ते मामांच्या भरवशावर उगवतं आणि जानेवारी-फेब्रुवारीत मुलं असताना निघतं. कॉलेजसाठी याहून सोयीचं पीक नाही. जूनच्या शेवटी मांडवाला दोडका, दुधी, कारली. पिशव्यांत भेंडी, गवार, मिरची. भेंडी पेरल्यापासून पन्नासेक दिवसांत सुरू होते, म्हणजे गणपतीच्या सुमारास. नवीन विद्यार्थ्यांना लगेच काही दिसलं पाहिजे, नाहीतर ते पुन्हा वर येत नाहीत. त्यांच्या हाती मेथी आणि मुळा द्या, पण पावसाच्या माऱ्यात मेथी झोपते म्हणून छपराच्या कडेला. मेथी २५ ते ३० दिवसांत, मुळा ४० ते ४५.

दिवाळीच्या सुट्टीआधी रब्बीची पेरणी उरकायची हा मोह टाळा. रोपं तयार करून ठेवा आणि सुट्टीनंतर लावा. पालक, शेपू, कोथिंबीर, कोबी, वांगी, वालाचे वेल, हे सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हाच बागेचा बहर. कोथिंबिरीचे धणे चपलेने रगडून दोन फाकी करून पेरायचे, हे आजीकडून शिकलेली एक तरी विद्यार्थिनी गटात असतेच.

फेब्रुवारीअखेर नवी पेरणी थांबवा. मार्चमध्ये रिकाम्या झालेल्या क्रेटमध्ये खत भरा, वर जाड पाला झाका आणि सोडून द्या. उन्हाळ्यात फक्त टिकाऊ मंडळी ठेवायची: कढीपत्ता, शेवगा, लिंबू, गवती चहा, कोरफड, अडुळसा, मायाळू, अंबाडी. आमच्या साठ चौरस मीटरपैकी मेमध्ये जेमतेम पंधरा हिरवे असतात. त्यांना साठ लीटर पाणी आणि पंधरा मिनिटं पुरतात. पहिल्या दोन्ही वेळी आम्ही सगळे साठ मीटर जगवायला गेलो होतो.

कीड आणि पाहुणे

मावा आणि पिठ्या ढेकूण येतील. पाण्याचा जोरदार फवारा, मग पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी. मुंग्यांची रांग दिसली की त्या जिथे जातात तिथे बघा, मावा तिथेच असतो. कबुतरांवर जाळी हा एकच इलाज. चकाकणाऱ्या सीडी चार दिवस चालतात. कबुतरांची विष्ठा कोरडी झाडू नका, पाणी मारून, तोंडाला रुमाल बांधून काढा.

लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडली तर चिरडू नका. ती स्वॅलोटेल कुळातल्या फुलपाखराची. त्यांतलं नीलवंत (ब्लू मॉर्मन) हे २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे आणि लिंबू कुळातल्या झाडांवर त्याची अंडी असतात. झाडाची चार पानं जातात, पण प्राणिशास्त्रवाले आपोआप बागेत यायला लागतात, आणि त्यांच्या विभागाकडे निधी आमच्यापेक्षा बरा असतो.

माणसं

राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तासांचं काम करायचं असतं. ते तास बागेकडे वळवता येतात, कार्यक्रम अधिकाऱ्यांशी जूनमध्येच बोला. पण नुसत्या तासांवर बाग चालत नाही. प्रथम वर्षाची निदान चार मुलं हवीत. तृतीय वर्षाची कितीही उत्साही असली तरी मार्चमध्ये जातात.

आणि सुट्टीतले मामा. त्यांना हे काम "जाता-जाता बघा हो" असं सांगायचं नाही. आमच्या मामांना आम्ही दीड महिन्याचं मानधन विभागाच्या निधीतून ठरवून दिलं आणि कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, लिंबं त्यांची. त्यांचं गाव दुष्काळी भागातलं, पाणी किती आणि कधी हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी टायमर संध्याकाळवरून पहाटेवर नेला. मला फोन करून म्हणाले, "सर, तापल्या स्लॅबवर पाणी घालून काय उपयोग, ते झाडाआधी ऊनच पितं." बरोबर होतं.

भाजीचं वाटप आधी ठरवा, नाहीतर भांडणं. आमच्याकडे शुक्रवारी दुपारी जिन्याच्या तोंडाशी टेबल लागतं, जुड्या ठरावीक दराने, पैसे डब्यात, त्यातून बियाणं. ज्यांनी काम केलं त्यांना आधी. प्राध्यापकांना रांगेत शेवटी.

जिन्याच्या दारामागे खिळ्याला एक वही लटकवलेली आहे, सुतळीने पेन बांधलेलं. तारीख, कोण आलं, काय केलं, काय बिघडलं. जुलैच्या पहिल्या शनिवारी जुनी मुलं नव्यांना ती वही, दोन्ही किल्ल्या कोणाकडे आहेत याचा कागद, अभियंत्याच्या पत्राची झेरॉक्स आणि बियांची पाकिटं देतात. पाकिटांवर पिकाचं नाव आणि बी धरल्याचा महिना लिहिलेला असतो. यंदा एका पाकिटावर फक्त "मामांचा दोडका" एवढंच होतं. तो लावलाय, मांडवाच्या पूर्वेच्या बाजूला.